नव्या पिवळीतली झांज

रेकॉर्डच्या कव्हरवर एक गोल सोनेरी स्टिकर होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की ही रेकॉर्ड मूळ टेपवरून, अत्यंत काळजीपूर्वक, पुन्हा काढलेली आहे. अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या गोष्टी मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्यात. आमच्या वारज्यातला रस्तासुद्धा दर वर्षी अत्यंत काळजीपूर्वकच खणतात. तेव्हा तो स्टिकर वाचूनच मी सावध व्हायला हवं होतं. झालो नाही. उलट खूश होऊन बायकोला हाक मारली, "अगं, पिवळी आली!"

पिवळी म्हणजे काय ते सांगतो. मी एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्रांवर, होतो. तिथे एक मोठा प्रेस बसवायला जर्मन इंजिनिअर आला होता. काम संपवून परत जाताना त्याने घरातलं सामान कँटीनमध्ये मांडून विकलं. मी त्याचा रेकॉर्ड प्लेअर घेतला. त्यावर त्याने रेकॉर्डींचा एक गठ्ठा फुकट ठेवला, भाजीवाली वर कोथिंबीर टाकते तसा. सगळी अमेरिकन जॅझ, साठच्या दशकातली. वादकांची नावं वाचता यायची, पण उच्चारायची कशी ते कळेना, म्हणून कव्हर बघून आम्हीच नावं पाडली. एक चष्मेवाला, एक जिन्यावरची बाई, आणि एक पिवळी.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. तो त्याच कारखान्यात क्वालिटीला इन्स्पेक्टर होता. मूळचा अकोल्याकडचा, नोकरीसाठी पुण्यात आला आणि इथलाच झाला. आमच्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी गुरुवारी. रविवारी जग घरात असतं तेव्हा आम्ही कामावर, आणि गुरुवारी सगळं पुणं कामाला गेलं की आम्ही दोघं मोकळे. त्यामुळे गुरुवारी दुपारी जेवण उरकून तो माझ्याकडे यायचा. एका गुरुवारी एकच रेकॉर्ड. पहिली बाजू, मग चहा, मग दुसरी बाजू. रेकॉर्ड चालू असताना कुणी बोलायचं नाही. दोघंही निवृत्त झालो तरी गुरुवार सुटला नाही. तो विश्रांतवाडीला राहतो, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आधी स्कूटरवर यायचा, गुडघे दुखायला लागल्यापासून बस बदलून येतो. त्याची बायको गेली त्या आठवड्याचा गुरुवार सोडला तर त्याने खाडा केलेला मला आठवत नाही.

पहिल्यांदा पिवळी लावली तेव्हा मला वाटलं प्लेअर बिघडलाय. ट्रम्पेटवाला एकीकडे, पियानोवाला भलतीकडे. पण त्यांच्या मागे ड्रमवाला होता आणि त्याची एक मोठी झांज होती. तो ती आपटत नव्हता, काठीच्या टोकाने नुसती जागी ठेवत होता. दिवसभर आमच्या कानांवर लोखंड लोखंडावर आदळायचं. डोकं बधिर व्हायचं. आणि इथे कुणी तरी त्याच धातूला इतक्या हळुवारपणे हात लावत होता की बाजू संपल्यावर आम्ही ती लगेच पुन्हा लावली. पुढे ट्रम्पेट, पियानो सगळं समजत गेलं, आवडत गेलं, पण माझं मन त्या झांजेवर बसलं ते बसलंच. बदली, संप, मुलीचं शिक्षण, बायपास, काहीही असो, गुरुवारी ती झांज ऐकली की पुढचा आठवडा रेटता यायचा. हे आधी सांगितलं नाही तर माझा पुढचा राग म्हणजे म्हातारचळ वाटेल.

मागच्या काही वर्षांत जुन्या पिवळीतली झांज पुसट होत गेली. त्याचं मला नवल वाटलं नाही. रेकॉर्ड घासली जाते, सुई झिजते, वरचे बारीक आवाज सगळ्यात आधी जातात, हे मलाही माहीत आहे. सुई बदलली, रेकॉर्ड धुतली, उपयोग झाला नाही. फोनवर मुलीजवळ हळहळलो. ती म्हणाली, "बाबा, ते सगळे अल्बम आता परत निघतायत. जाड विनाइलवर. मी पाठवते." आणि तिने तो सोनेरी स्टिकर पाठवला.

गुरुवारी मित्र आला. नवी पिवळी लावली. पहिला सूर आला, बास आला, पियानो आला, ट्रम्पेट तर असं स्वच्छ की वाजवणारा दिवाणावर येऊन बसलाय. झांज नव्हती. मी वाट पाहत राहिलो. ड्रमचे खालचे ठोके येत होते, आणि वर जिथे ती हवी तिथे पोकळी होती. बाजू संपली. मी मित्राकडे पाहिलं.

"झांज कुठे आहे?"

त्याने कव्हर हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाला, "हो रे. मारून टाकली लेकाच्यांनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठ वर्षांपूर्वी पाच माणसांनी एका खोलीत बसून जीव ओतून काही केलं. आज कुठल्या तरी एसी खोलीत बसून, ज्याने कधी धातूला हात लावलेला नाही असा कुणी तरी शहाणा ते 'साफ' करतो, आणि साफ करताना त्यातला जीवच पुसून टाकतो. वर स्टिकर लावतो. आमच्या कारखान्यात असा माल कुणी बाहेर काढला असता तर माझ्या मित्राने त्याला लाल रंग फासून गेटवर टांगला असता.

मी गप्प बसणारा माणूस नाही. कर्वेनगरला एक कॅफे निघालाय, तिथे भिंतीवर रेकॉर्डी टांगतात आणि कॉफीबरोबर विकतातही. रेकॉर्ड काखेत मारून तिथे गेलो. काउंटरमागे दाढीवाला मालक होता. त्याला गाऱ्हाणं सांगितलं. तो म्हणाला, "काका, ॲक्च्युअली हा बेस्ट रीइश्यू मानतात. तुम्ही ऑनलाइन रिव्ह्यू चेक करा ना."

"मी कानाने ऐकतो. रिव्ह्यूने नाही."

"ओके, इथे लावून बघू," तो म्हणाला. त्याने लावली. शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली दोन-तीन मंडळी माना डोलवायला लागली. मला झांज ऐकू येईना. तो मात्र प्रसन्नपणे हसत होता. "क्लिअर आहे ना, काका?"

मी त्याला सांगितलं की क्लिअर तर डोकंही असतं, काहींचं जन्मभर क्लिअरच राहतं. आणि रेकॉर्ड उचलून निघून आलो.

मग मी जपानी प्रत मागवली. जपान्यांवर माझा विश्वास होता, त्यांच्या मशीनवर काम केलंय. तिच्यातही झांज नव्हती. मग सीडी मागवली. सीडीत झांज तर नव्हतीच, वर पाच जादा तुकडे होते. पुस्तिकेत कौतुकाने लिहिलं होतं की हे तुकडे वादकांनी तेव्हा नापसंत केले होते आणि आता प्रथमच रसिकांसाठी सादर होत आहेत. म्हणजे बघा. आमच्याकडे रिजेक्शनचा एक लाल डबा असायचा. चुकलेला माल त्यात जायचा आणि तिथून भट्टीत. इथे त्या डब्यातला माल काढून, पुसून, 'बोनस' म्हणून गळ्यात मारतात. आणि जे पास झालेलं होतं, चोख होतं, ते खराब करून देतात. मी हे सगळं गुरुवारी मित्राला तावातावाने सांगत असे आणि तो मान हलवून "खरंय, खरंय" म्हणत असे.

शेवटी मी रेकॉर्ड कंपनीला ईमेल लिहिली. मोठी, सविस्तर. प्रत्येक गाण्यात झांज कुठे हवी आणि कुठे गायब आहे ते मिनिटासह. पाठवण्याआधी मित्राला वाचायला दिली, कारण त्याचं इंग्रजी माझ्याहून बरं. त्याने शेजारी बसून दोन ठिकाणी क्रियापदाचा काळ दुरुस्त केला, एका ठिकाणी 'शेमलेस' होतं ते काढून 'डिसअपॉइंटिंग' घातलं. महिन्याभराने कंपनीचं उत्तर आलं. त्यांना अतिशय वाईट वाटलं होतं. माझ्यासारख्या जाणकार श्रोत्याची निराशा झाल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली आणि सदोष प्रत बदलून नवी प्रत पाठवली, फुकट. नव्या प्रतीतही झांज नव्हती. मित्र म्हणाला, "अख्खा लॉटच खराब असेल."

अशी दोन वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत तापच होता. गुरुवार होता म्हणून मित्र आलेला. रेकॉर्ड लावायचं त्राण नव्हतं, मी पलंगावर पडून होतो आणि तो खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. बायकोने तोंडात थर्मामीटर दिला. तो नवा, बॅटरीवरचा. ताप मोजून झाला की पीप-पीप वाजतो म्हणे. मी तोंड मिटून वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. जीभ आंबली. मी खुणेने विचारलं, अजून किती?

बायको म्हणाली, "अहो, झालं की."

मी थर्मामीटर काढला. "वाजला कुठे? हाही चायनाचा माल. बिघडलेला."

तेव्हा बायकोने मित्राकडे पाहिलं आणि मित्राने वर्तमानपत्रातून डोळे काढून बायकोकडे पाहिलं. क्षणभरच. लगेच दोघांनीही नजर काढून घेतली. चोरी पकडली गेल्यावर घरातली दोन मुलं जशी एकमेकांकडे बघतात, तशी नजर होती ती. मला ताप होता, पण मी आंधळा नव्हतो.

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

"अहो, आत्ताच तर..."

"पुन्हा लाव म्हणतो ना!"

तिने पुन्हा लावला. या वेळी मी थर्मामीटरकडे नाही, त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत होतो. एका क्षणी दोघांच्याही पापण्या एकदम हलल्या. तो वाजला होता. खोलीत तो आवाज होता, त्या दोघांना ऐकू आला होता आणि मला नव्हता. मी थर्मामीटर बायकोच्या हातात दिला. मित्राने घड्याळ पाहिलं, बसची वेळ झाली म्हणाला आणि गेला.

ताप उतरल्यावर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ मी बटण दाबलंच नाही. मला वाटलं त्यांनी सुरू केलेलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. निम्म्यापर्यंत ती आडवी, सरळ होती. मग सरळ दरीत कोसळत होती.

"कारखान्यात होतात का?" त्यांनी विचारलं.

"प्रेस शॉप. डाय सेटर."

"कानात काही घालत नव्हतात?"

घालायचो की. ऑडिटच्या दिवशी. डाय म्हणजे ज्या साच्याखाली पत्रा कापला जातो तो. डायला तडा जायच्या आधी तिचा आवाज बदलतो, अगदी थोडा, आणि तो मला कळायचा. कारखान्यात माझं नाव झालं होतं ते त्यावरच. कानात बोळे घातले तर कळणार कसं? सगळ्या लाइनवर मला हाक मारायचे, 'जरा येऊन ऐक रे.' मी हे डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी समजावलं की वरचे, बारीक आवाज गेलेत, खालचे शाबूत आहेत. बोलणं समजत राहतं, त्यामुळे लोकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. मी म्हटलं, "लोकांना लागतो, डॉक्टर. ज्याचे कान त्यालाच लागत नाही."

घरी येऊन बायकोला विचारलं, कधीपासून माहीत आहे? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "टीव्हीचा आवाज मोठा आहे असं म्हटलं तर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलत नाही. हे कुठल्या तोंडाने सांगणार होते? भाऊजी म्हणाले, वहिनी, राहू द्या. म्हटलं राहू द्या."

भाऊजी म्हणाले. म्हणजे भाऊजींना, माझ्या मित्राला, पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी तडक रिक्षा केली आणि विश्रांतवाडीला गेलो. सोमवार होता. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे न कळवता कधी गेलो नव्हतो. वाटेत प्रत्येक सिग्नलला माझा राग वाढत होता. कान गेले याचा राग होताच, पण तो वेगळा, त्याला कुणाला धरणार? हा राग ज्याला धरता येतो असा होता. हा माणूस क्वालिटीच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचा. बाहेर प्रेस धडधडायचे आणि आत हा निवांत मायक्रोमीटर लावत बसायचा. म्हणून याचे कान अजून शाबूत. मॅनेजरने पाया पडावं तरी याने कधी केसभर चुकलेला जॉब पास केला नाही. लाइन बंद पडली तरी नाही. त्या माणसाने मला दोन वर्षं पास केलं.

दार त्याच्या सुनेने उघडलं. ती "या काका, चहा टाकते," म्हणाली. तो गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता.

"झांज आहे का?" मी उभ्यानेच विचारलं.

तो वळला. माझा चेहरा पाहून त्याला सगळं समजलं असणार. "बस तरी."

"आहे का नाही?"

"आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून आहे. नव्या प्रतीत आहे, जपानी प्रतीत आहे, सीडीत आहे. नवी तर फार सुरेख निघालीय. जुनीपेक्षा चांगली."

"आणि तू म्हणालास, मारून टाकली लेकाच्यांनी."

"हो."

"माझ्या ईमेलमधले काळ दुरुस्त केलेस!"

"केले."

"लाज नाही वाटली? त्या बिचाऱ्यांनी माफी मागितली माझी. नवी प्रत पाठवली. मी त्या कॅफेवाल्या पोराला काय काय बोललो. जगभर माझं हसं होत होतं आणि तू शेजारी बसून माना हलवत होतास. एवढी दया करायला मी काय भिकारी आहे? तू कधी कुणाला डेव्हिएशनवर पास केलं नाहीस. मलाच का?"

डेव्हिएशन म्हणजे आमच्याकडचा शब्द. माल मापात नाही, पण गिऱ्हाइकाला घाई आहे, तेव्हा वरच्याची सही घेऊन तसाच पुढे जाऊ द्यायचा. माझा मित्र त्या सहीचा जन्माचा वैरी होता. तो शब्द ऐकून त्याने झारी खाली ठेवली. रागावला की त्याची मूळची बोली वर येते.

"दया कायची बे?" तो म्हणाला. "तुह्यावर दया करायले मी काय देव आहो? मी तुले वळखतो. तुले कळलं असतं त तू प्लेअर उचलून माळ्यावर टाकला असता. त्या दिवशीच. पुन्हा कधी रेकॉर्ड लावली नसती. मंग गुरुवारी मी कुठं गेलो असतो? सांग ना. बायको गेल्यावर या घरात मले कोण इचारते? पोरगा लॅपटॉपले चिकटून, सून तिच्या कामात. आठ दिवस मी गुरुवारची वाट पाह्यतो."

मला आणखीच राग आला. मी म्हणालो, "म्हणजे स्वतःसाठी फसवलंस."

"हो. सोतासाठी." मग त्याचा आवाज खाली आला आणि तो पुन्हा पुण्याचा झाला. "आणि फुकट नाही फसवलं. झांज यावी म्हणून तू ॲम्प्लिफायरचं ट्रेबलचं, बारीक आवाज वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवतोस. दोन वर्षं. तुला काही होत नाही, पण माझ्या कानात सुया टोचतात. ट्रम्पेट लागला की दाढा शिवशिवतात. घरी आलो की रात्रीपर्यंत डोकं ठणकतं. पिवळी ऐकायला येतो आणि ती कधी संपते याची वाट बघत बसतो."

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी चहा न घेता निघालो.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. मी बोलावलंही नव्हतं. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आला नाही. डॉक्टरांनी दिलेलं ऐकण्याचं मशीन मी कानांत घातलं आणि एकट्याने पिवळी लावली. झांज आली. म्हणजे काही तरी आलं. कुणी तरी मोरीत स्टीलचे चमचे ओतत होतं. मशीन सवयीने बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. सवयीने प्रेस शॉपही बरं वाटत होतं. मी मशीन काढून डबीत ठेवलं. मग त्याशिवाय ऐकायला बसलो, पण ट्रेबलच्या बटणाकडे लक्ष गेलं. ते खरोखर शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. मी ते कधी फिरवलं, एकदम की थोडं थोडं, मला आठवेना. त्या खुर्चीत बसलेला माणूस डोळ्यांसमोर आला आणि मला प्लेअर बंद करावा लागला.

मला लाज वाटली असं म्हणायला हवं. तशी वाटलीही. पण खरं सांगायचं तर रागच जास्त होता. त्याच्यावर, बायकोवर, स्टिकरवर, प्रेसवर, ज्यांनी मला 'जरा येऊन ऐक रे' म्हणून हाका मारल्या त्या सगळ्यांवर, आणि ती हाक ऐकून छाती फुगवत गेलेल्या माझ्यावर. आणि गुरुवारची दुपार काही केल्या संपत नव्हती. बायको दोन वेळा खोलीत येऊन रिकाम्या खुर्चीकडे बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "फोन तुम्ही करता की मी करू?"

मी केला. म्हणालो, "गुरुवारी ये. बटण तू लावायचं."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आला. पावसाने भिजला होता, बायकोने त्याला टॉवेल दिला. मी पिवळी काढली, नवी, स्टिकरवाली, आणि प्लेअरवर ठेवली. तो ॲम्प्लिफायरपाशी गेला. माझ्या ॲम्प्लिफायरला त्याने इतक्या वर्षांत कधी हात लावला नव्हता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्रेबलचं बटण मागे फिरवत फिरवत बरोबर मध्यावर आणलं. मग येऊन खुर्चीत बसला. मी सुई टेकवली.

माझ्यासाठी पिवळी गोधडीखाली गेली. बास होता. पियानोचा डावा हात होता, उजवा अधूनमधून. ट्रम्पेट दूर कुठे तरी भिंतीपलीकडे. झांजेचं तर नावच नव्हतं, ती होती याचा पुरावासुद्धा नव्हता. करण्यासारखं काही नाही म्हणून मी मित्राकडे बघत बसलो.

त्याने डोळे मिटले होते. दोन वर्षांत मी त्याला डोळे मिटलेलं पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. कपाळावरची आठी गेली होती. खांदे खाली आले होते. त्याच्या उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर हलत होतं, अगदी थोडं, काठीच्या टोकाने कुणी जागच्या जागी काही तरी ठेवावं तसं. ती तिथे होती. माझ्या घरात, माझ्या प्लेअरवर, माझ्यापासून दोन हातांवर. मला त्याचा इतका हेवा वाटला की उठून सुई उचलावीशी वाटली.

बाजू संपली. त्याने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको, पण फार सुंदर आहे रे हे."

दोन वर्षांनी त्या खुर्चीत बसून तो माझ्याशी पहिलं खरं वाक्य बोलला होता. तेच मागायला तर मी विश्रांतवाडीला गेलो होतो. आता ते मिळालं होतं आणि माझ्याने ऐकवत नव्हतं. बायकोने चहा आणून ठेवला. मी म्हणालो, "चहा गार होईल, घे." मग उठलो, त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि त्याच्यासाठी दुसरी बाजू लावली.